दादाच्या फोनमधली भाषणं

दादा कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यांतून साचे आले की त्यांवर मेण चढवायचा, दात बसवायचा आणि हिरडी खऱ्यासारखी दिसेपर्यंत घासत राहायचा. अशा माणसाला पोलिसांनी भर दुपारी कारखान्यातून उचललं, तेव्हा शेजारचे दुकानदार तोंडात बोट घालून बघत राहिले.

पोलीस एका जहाल गटाच्या मागावर होते. त्या गटाची भाषणं ज्या फोनांवर जात होती, त्यांत दादाचा नंबर निघाला होता.

चौकशीच्या खोलीत अधिकारी बाईंनी त्याचाच फोन त्याच्यापुढे सरकवला.

"याला हाकला, त्याला जाळा. हे सगळं बघितलंत तुम्ही?"

"हो. पार शेवटपर्यंत."

"पटतं?"

"एक अक्षर नाही."

"मग बघता कशाला?"

"वेळ जात नाही म्हणून."

"अहो, तुमच्या टेबलावर कवळ्यांचा ढीग पडलाय, आणि तुमचा वेळ जात नाही?" बाई म्हणाल्या. "खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. कान बघा किती लाल झालेत. कोणासाठी बघत होता?"

बाईंनी समजावलं, दटावलं, अटकेची भीती घातली. दादाचं आपलं एकच, "फोन माझा, नंबर माझा. काय करायचं ते माझं करा."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दादाची बायको आली होती आणि तिच्यामागे तिचा दीर. त्याचं नाव बारक्या, पण दारातून येताना मान वाकवावी लागायची. आई-वडील गेल्यावर दादानेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"मॅडम, त्याला सोडा," बारक्या म्हणाला. "त्या गटात मी होतो."

"गप बस, गाढवा!" दादा ओरडला. "शेजाऱ्याकडून हिला निरोप धाडला होता, याला घरात कोंडून ठेव म्हणून!"

"अहो, एवढ्या मोठ्या घोड्याला मी कुठे कोंडू?" वहिनी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते.

बाईंनी बारक्याला बसवलं. काम सुटल्यापासून तो एका मित्राच्या खोलीवर पडून असायचा. तिथे ही भाषणं चालायची. घरी येऊन तो तेच बरळायचा. दादाला उत्तर देता येईना, तेव्हा त्याने गटाचं नाव शोधून ती भाषणं स्वतःच्या फोनवर मागवली. जेवणं झाली की एकेक भाषण घेऊन तो बारक्याशी वाद घालायचा.

"एका भाषणात होतं, जो आपल्याबरोबर येत नाही तो घरातला असला तरी शत्रू," बारक्या सांगत होता. "दादाने ते थांबवलं. म्हणाला, मी तर येणार नाही. मग माझ्यापासूनच सुरुवात कर. कसं करणार, सांग." त्याने दादाकडे बघितलं. "त्यानंतर मी त्या खोलीवर गेलो नाही."

दादा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता.

बाईंनी दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. त्या खोलीवर कोण यायचं, पुढे काय करायचं ठरत होतं, हे बारक्याने काही न लपवता सांगितलं. नंतर त्या गटातली माणसं पकडली गेली. बारक्या साक्षीदार झाला. मात्र खटला उभा राहीपर्यंत दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची अट पडली.

जबाब झाले त्या संध्याकाळी तिघं चालतच घरी निघाले. दादा रस्ताभर तणतणत होता. "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी निभावून नेलं असतं!"

"तू?" बारक्या म्हणाला. "दादा, तुला पत्त्यात लबाडी करता येत नाही."

वहिनीला हसू फुटलं आणि हसता हसता ती पुन्हा रडली.

पुढे प्रत्येक हजेरीला दादा हातातलं काम टाकून बारक्याबरोबर जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एकदा बाई येता येता थांबल्या. "अहो, तुमची हजेरी नाहीये. कशाला येता?"

"माहीत आहे, मॅडम," दादा उठून उभा राहत म्हणाला. "पण आत जाताना त्याचे पाय जड होतात. मी इथे आहे म्हटलं की जातो."