राजनंदिनीच्या नावाने

तीन वर्षं आंतरविद्यापीठ स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडूचा मान, विद्यापीठाचा ब्लेझर आणि आता राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं. राजनंदिनी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन होती. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या तिच्या क्वार्टरमध्ये ट्रॉफ्या ठेवायला जागा उरली नव्हती. पण पानिपतच्या सामन्यात ती उभ्या उभ्या कोसळली. अर्ध्या मिनिटात उठली, हसली, पुन्हा खेळलीही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, खेळ बंद. हे तिने घरीही सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त संघातल्या अक्षयाला.

"शिबिराला ईसीजी लागतो. तुझा काढ ना यार, माझ्या नावाने. बाहेरच्या लॅबमध्ये आपल्याला ओळखतंय कोण?"

शाळेपासून दोघी एकत्र खेळत होत्या. तिला नाही म्हणणं अक्षयाला कधी जमलंच नव्हतं. गाझियाबादच्या एका लॅबमध्ये ती टेबलावर आडवी झाली आणि विचारल्यावर राजनंदिनीचं नाव सांगून मोकळी झाली.

रिपोर्ट स्वच्छ आला, आणि अक्षयाची झोप उडाली. खेळताना तिची नजर चेंडूवर नसायची, राजनंदिनीच्या ओठांवर असायची. ते निळसर तर पडत नाहीत ना?

आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्याला राजनंदिनीचे वडील, सुभेदार मल्हारी, पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आले होते. शेवटच्या टप्प्यात राजनंदिनीने दोनदा छाती दाबून धरली. टाइमआउट झाला तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

अक्षयाने कोचना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी स्कोअरबोर्डकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठ मिनट बचे हैं. मॅच के बाद देखेंगे. तू बेंच पे बैठ."

शिट्टी वाजली, संघ कोर्टवर गेला. ती बेंचवर बसली नाही, स्टँडच्या पायऱ्या चढत सुटली.

"काका, तिच्या हृदयात दोष आहे. डॉक्टरांनी खेळायला बंदी केलीय. शिबिराला दिलेला ईसीजी माझा आहे."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन महिने."

सुभेदार खाली उतरले आणि रेषा ओलांडून थेट कोर्टात शिरले. पंच शिट्टी फुंकत राहिले. चेंडू घेऊन धावत येणारी राजनंदिनी वडिलांना बघून थबकली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि त्यांच्या अंगावरच कोसळली.

ती वाचली. गळ्याच्या हाडाखाली हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवावं लागलं. शिबिर गेलं, खेळ कायमचा सुटला. अक्षयावर दोन वर्षांची बंदी आली.

महिन्याभराने अक्षया क्वार्टरवर गेली. राजनंदिनीच्या आईने, शेवंताकाकूंनी, चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. राजनंदिनी कॉटवर बसून होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुझ्याबद्दल असं काही असतं ना," ती शांतपणे म्हणाली, "तर मी कुणालाही सांगितलं नसतं."

"माहीत आहे मला," अक्षया म्हणाली. तिला त्याचीच भीती वाटली.