काकूच्या हातातली किल्ली

आमच्याकडे पाण्याची बैठक म्हणजे नुसता तमाशा. काकू बोलायला उठली की वरचे शेतवाले तुटून पडायचे. तिचं शेत पाटाच्या पार शेवटाला. गड्डा धरायच्या वेळेला तिच्या कोबीने माना टाकल्या होत्या. आज पाणी सुटलं नाही तर मळा गेलाच म्हणायचा.

त्या दिवशी सगळ्यांना बोलतं करायला शहरातून एक बाई आल्या. आम्हाला गोल बसवून म्हणाल्या, "एखादी वस्तू फिरवूया. ती ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. इतरांनी मधे बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. फक्त ऐकायचं."

पाटकऱ्याने कमरेची किल्ली काढून दिली. पाटाच्या दाराच्या कुलपाची ती किल्ली. मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नसता त्याने, पण पाहुणीपुढे भारीच उदार झाला.

फिरत फिरत ती काकूकडे आली.

"माझ्या पाळीचं पाणी वरच्या वर जिरतंय," काकू म्हणाली. समोर माझे थोरले काका बसले होते, पाटाच्या तोंडाशी शेत असलेले. "भावजी, तुमचा ऊस तुडुंब आहे. मला आजची पाळी द्या. उद्या देऊन उपयोग नाही."

काकांनी तोंड उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. काकांनी मुकाट्याने तोंड मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प बसणं गोड लागलं असावं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू हातातल्या किल्लीकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर आलं होतं, ऊठ, जाऊन उघड दार! पण बोलायची पाळी माझी नव्हती. तिने किल्ली शेजारच्या गिरणीवाल्याला दिली. तो गल्लीतल्या कुत्र्यांवर बोलला. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

"आज सगळे बोलले!" बाई खूश झाल्या. पाटकऱ्याने किल्ली परत कमरेला लावली.

कोरड्या पाटाच्या कडेने परत येताना मी म्हटलं, "काकू, छान बोललीस."

"भांडण झालं की कुणीतरी वैतागून म्हणायचं, घे बाई तुझं पाणी आणि जा एकदाची. आज सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं रे. आता कुणाशी भांडू?"

मळ्यात पोचताच तिने पदर खोचला आणि कोबी उपटायला लागली.

"वाळायच्या आत गुरांच्या तोंडी तरी जाऊ दे."

मीही वाकलो.