टॅक्सात गेलेली घंटा

भांडुपच्या मंडळानं वनमालेचा सत्कार ठरवला, तेव्हा मांडवापासून हारांपर्यंत सगळं जयवंतानं अंगावर घेतलं. धाकटी बहीण कबड्डीत राज्याकडून खेळली, सरकारनं रोख बक्षीस दिलं. मिरवायला नको? आणि मिरवण्याचा तर ह्याला भारी सोस!

संपात गिरणी गेली, घरात बसून होता, तरी गावाला कळवत होता, मुंबईत झकास चाललंय. रवळनाथाच्या जत्रेत मुंबईकरांच्या देणग्या नावानिशी पुकारतात. एक वर्ष नाव आलं नसतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही! बक्षिसाचे पैसे बँकेतून त्यानंच आणले आणि वनमालेला सांगितलं, "वने, अर्धे टॅक्सात गेले गं." मैदानाबाहेरचं तिला काय ठाऊक! "जाऊ दे रे दादा," म्हणाली, आणि दुखऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. त्या टॅक्साची देवळात पितळी घंटा टांगली गेली, वर जयवंताचं नाव कोरून.

सत्काराला पाहुणे म्हणून मुलुंडचे एक टॅक्सवाले वकील आले होते. माइकवर म्हणाले, "खेळाडूंनो, एक चांगली गोष्ट सांगतो. हौशी खेळाडूला सरकारनं दिलेलं असलं बक्षीस करमाफ असतं. एक पैसा कापत नाहीत!"

शाल-नारळाचं ताट घेऊन जयवंत स्टेजवरच उभा होता. त्याचे कान तापले. इतक्यात मंडळाचा दशरथ खालून ओरडला, "काय रे जयवंता, तू तर म्हणालास अर्धे कापले!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मेलो तर बरं, असं त्याला वाटलं.

वनमाला लंगडतच माइकपाशी गेली. "दशरथदादा, ती चूक माझी. मीच दादाला तसं सांगितलं होतं. मला पैसे पूर्ण मिळाले." टाळ्या पडल्या. जयवंतानं तिच्या खांद्यावर शाल घातली, पण तिच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

घरी जाताना टेकडीच्या पायऱ्यांवर ती मध्येच गुडघा धरून बसली. जयवंत खालच्या पायरीवर टेकला.

"वने, माझ्या तोंडात शेण घाल. ते पैसे मी..."

"घंटेला घातलेस. ठाऊक आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"गावाहून सुंदराबाई काकू आली होती ना, घंटेचं कौतुक सांगत होती. तुझ्याकडे काम नाही, मग पैसे आले कुठून? न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस गं? चार लोकांत थोबाडीत दिली असतीस तरी चाललं असतं."

"तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते," वनमाला म्हणाली. "चार महिने डॉक्टरकडेही गेले नाही त्यासाठी. म्हटलं, लंगडताना बघून तरी बोलेल."

खालून दशरथ हात हलवत ओरडला, "जयवंता, एक नंबर झाला रे सत्कार!"