यादीतून गळालेलं घर

लहान मुलांचा हट्टीपणा, मारकुटेपणा वेळीच कसा आवरता येईल, याचा एका केंद्रात अभ्यास चालला होता. त्यासाठी घरं शोधायची आणि तीन वर्षं धरून ठेवायची, हे तिथल्या ताईंचं काम. घरं मिळायची, टिकवताना मात्र नाकी नऊ यायचे.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी महिनाभर फोनच उचलला नव्हता. त्यांची मुलगी चार वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणत.

"काढून टाका ते नाव," केंद्राचे साहेब म्हणाले. "कंटाळल्या असतील."

"एकदा जाऊन येते," म्हणत ताईंनी पिशवी उचलली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार बाईंनीच उघडलं, पण नजर चुकवली. मशीनवर एका बाहीचा कोट तसाच पडला होता.

"रागावू नका ताई. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. आवाज चढवला नाही, चांगलं वागली की कौतुक केलं. तरी हिनं महिन्याच्या सुरुवातीलाच शाळेत एकीला कडकडून चावा घेतला. माझ्यापायी तुमचा अभ्यास कशाला बिघडवू?"

ताई खुर्ची ओढून बसल्या. ही बाई कंटाळली नव्हती, लाजली होती. इतक्या वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, असं त्यांना झालं.

"अहो, यादीत नुसती गुणी लेकरं उरली तर आम्ही शिकायचं काय? चावाही लिहायचाच असतो. पूर्वी किती वेळा चावायची?"

"आठवड्यातून दोन-तीनदा तरी."

"आणि या महिन्यात?"

बाईंनी बोटं मोजायला घेतली नि पहिल्याच बोटावर थांबल्या. "हा एकच."

"दीड," कापडांच्या ढिगाआडून भिंगरीनं दुरुस्ती केली. "बाबांना चावले, पण हळू."

बाईंना असं हसू फुटलं की मशीनचा आधार घ्यावा लागला. ताईंनी फॉर्म कोटावरच पसरला. रकान्यात दीड लिहावं की दोन, यावर बराच खल झाला. भिंगरी दीडावर अडून बसली. शेवटी ताईंनी दोन लिहून शेजारी 'एक हळू' अशी टीप दिली.

निघताना बाई चप्पल घालून जिन्यापर्यंत आल्या.

"खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा हल्ली फार आदळआपट करतो. त्या बिचाऱ्या कुणाला सांगत नाहीत. विचारू या का त्यांना?"

"विचारा तुम्हीच," ताई म्हणाल्या. "मी आहे बरोबर."

बाई पुढे झाल्या आणि त्यांनीच बेल वाजवली.