किसनरावाचा बैल

वैशाखातल्या वादळाला तीन आठवडे झाले, तरी बौद्ध वस्तीतल्या चौदा घरांवर अजून छप्पर नव्हतं. मृग आठ दिवसांवर आला होता. विमलताई यवतमाळला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. सुट्टीत त्या दिग्रसजवळच्या या गावी मदतीला आल्या होत्या. सकाळी पाणी शुद्ध करायला विहिरीत लाल दवा सोडायची, मग दिवसभर बायांबरोबर ढिगातून धड कवेलू, म्हणजे छपराची कौलं, निवडायचे. पण ते पुरणार नव्हते. नवे भट्टीवर तयार होते, आणि ते आणायला गावातल्या शेतकरी किसनरावाने शनिवारी तीन गाड्या देऊ केल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी किसनरावाचा बैल मेला. वादळात गोठ्याची भिंत त्याच्या कमरेवर पडली होती. तेव्हापासून तो उठलाच नव्हता; शनिवारपर्यंत उठेल या आशेवर किसनरावाने तिसरी गाडी कबूल केली होती. लगेच वस्तीवर निरोप आला: आधी बैल वढून न्या, मग गाड्या.

वस्तीतला देवराव आपल्या घराच्या आड्यावर, छपराच्या मधल्या लाकडावर, बसून दोर आवळत होता. "सांग त्यायले," तो निरोप्याला म्हणाला, "ते काम आम्ही छप्पन सालीच सोडलं."

गोठ्यापासून वस्तीच्या विहिरीपर्यंत सरळ उतार होता. अंतर साठ पावलं. एक वळीव आला की सगळं पाण्यात उतरेल, हे विमलताईंना दिसत होतं. त्या बोलून गेल्या, "देवराव, या वेळेपुरतं ओढून टाका ना. आजाराचा प्रश्न आहे. हात धुवायला मी साबण देते."

खाली चिखल कालवणारी देवरावाची बायको कौसल्या थांबली. "साबण कायले हो, बाई? माह्या सासऱ्यानं जनमभर ढोरं वढले. त्यायले कोनं साबण देल्ला?"

देवराव खाली उतरला. त्याने आवाज चढवला नाही. "बाई, तुमच्या घरचं ढोर मेलं असतं, तं आमालेच बलावलं असतं ना?"

लहानपणी घरची गाय मेली तेव्हा आलेला माणूस विमलताईंना आठवला. त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हो, बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

मग त्या गोठ्याकडे गेल्या. किसनराव बैलाजवळ बसून उपरण्याने माशा हाकत होता. डोळे लाल झाले होते.

"आले का ते?"

"नाही येणार. तीन आठवडे याला पाणी कोणी पाजलं?"

"म्या. दुसरं कोन पाजते?"

"मग आता हात लावायला लाज कसली?"

"बाई, शाळेतल्या पोरीयले शिकवा! मले नाही."

 भिंतीला टेकवलेली कुदळ उचलून विमलताई धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधापल्याड गेल्या. तिथून पाणी विहिरीकडे उतरत नव्हतं. तासाभरात हाताला फोड आले आणि खड्डा घोटाभर झाला.

"बाई, हा खड्डा बैलाचा का कोंबडीचा?" कौसल्या घमेलं घेऊन उभी होती. मागे फावडं घेतलेला देवराव. गोठ्यात ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "शेजारी म्हनून खोदून राह्यलो. दोराले हात लावनार नाही."

दुपार कलेपर्यंत खड्डा छातीएवढा झाला. किसनराव उठला, दोन्ही लेकांना हाक मारली, आणि दोर त्याने स्वतःच बांधला. कुंपणापाशी जमलेल्या गावकऱ्यांत कोणीतरी हसलं. तिघांनी बैल धुऱ्यापर्यंत आणला. तिथे तो अडला. ओढून ओढून किसनराव गुडघ्यावर आला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा देवरावाकडे वळल्या.

देवराव फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. विमलताई मात्र किसनरावाकडेच पाहत होत्या.

शेवटी किसनरावाने कुंपणाकडे तोंड केलं. "हासता काय बे? या, धरा!"

दोघं-तिघं मागे सरले. मग त्याचा चुलतभाऊ धोतर खोचत आत आला, त्याच्या मागे आणखी दोघं. बैल खड्ड्यात गेल्यावर देवरावाने पहिली माती लोटली. किसनराव दुसऱ्या बाजूने लोटू लागला.

माती सारखी झाल्यावर तो म्हणाला, "देवराव, जोडी फुटली. तीन नाही, दोनच गाड्या येतीन उद्या."

"मंग एक खेप जास्त करू," देवराव म्हणाला.