विटांवरचं विमान

मी थोरला बोलतोय. निदान मला तरी तसंच वाटतंय. भाड्यानं उडणारं छोटं विमान मी, सध्या हँगरच्या कोपऱ्यात विटांवर उभा आहे. कारण चाकं जाग्यावर नाहीत.

परदेशात जन्मलो, इथे आलो तेव्हा नवा कोरा होतो. कारखानदार, पुढारी, नवरा-नवरी, सगळ्यांना फिरवलं. वर असेपर्यंत देव आठवायचे, उतरले की फोन! माणसांचं काही कळत नाही बुवा.

मग धाकटी आली, हुबेहूब माझ्यासारखी. तिची चाकं बिघडली आणि नवी कस्टममध्ये अडकली. मेकॅनिकदादानं माझी काढून तिला लावली. "थोरल्या, उसनी नेतोय हां. नवी आली की आधी तुला." मग रेडिओ गेला, मग एक इंजिन. दर वेळी 'उसनं'. नवं सामान परदेशातून निघालेलं असायचं, पोचत मात्र नव्हतं. ऑफिसात फोटो माझा आणि उडते ती, मग गिऱ्हाईक नक्की कोणाचं? माझं डोकंच चालेना.

मालकांनी सांगून टाकलं होतं, "त्याच्या उरलेल्या इंजिनाला हात लागला, की तो भंगारात." मी त्या इंजिनाला जीव लावून बसलो होतो.

काल सकाळी डोंगरापलीकडून फोन आला. एक तरुण बाई बाळंतपणात अडली होती, रक्त थांबत नव्हतं आणि रस्ता खचलेला. धाकटी सुरूच होईना, तिचा इंधनपंप गेला होता. दादा पाना घेऊन माझ्या उरलेल्या इंजिनापाशी आला, तसला पंप आता तिथेच होता.

"दादा, हा काढलात तर थोरला संपला," धाकटीला उडवणाऱ्या कॅप्टनबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे हो. पण ती पोर थांबेल का?"

"मग काढा. लवकर!"

दादानं माझ्या पोटावर हात फिरवला. "माफ कर रे बाबा," एवढंच म्हणाला. या वेळी 'उसना' म्हणाला नाही. मला भीती वाटली, खरंच सांगतो.

दुपारी धाकटी त्या बाईला इस्पितळात पोचवून परतली. "दोघीही सुखरूप! मुलगी झाली," कॅप्टनबाई ओरडतच उतरल्या. दादा माझ्या पंखाला टेकून ढसाढसा रडला. आनंदानं की माझ्यासाठी, कोण जाणे. मलाही कळेना, हसू की रडू.

उद्या भंगारवाला येणार आहे. पण माझी चाकं, रेडिओ, इंजिन, पंप, सगळं तर वर उडतंय. मग तो नेणार तरी कोणाला? बाबांनो, डोक्यावरून घरघर गेली तर जरा मान वर करा आणि नीट बघून सांगा, तो मीच ना?