तामोन सेन्सेईंचं सुतक

सुतकाच्या बाबतीत अमरावतीच्या हरिहर महाराज पाठकांचा शब्द शेवटचा. आजेसासऱ्याच्या चुलतभावाची बायको गेली, किती दिवस पाळायचं? लग्न झालेली बहीण गेली, दहा की तीन? नवरा दुबईत गेला नि बातमी इकडे महिन्याने आली, तर मोजायचं कुठून? असे फोन महाराजांना जेवताना यायचे, आंघोळीला निघताना यायचे. एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना फोन आला, तेव्हा त्यांनी बोटांनी दिवस दाखवले आणि डॉक्टरने ते फोनवर वाचून दाखवले. माणूस गेला की पहिला फोन डॉक्टरला करायचा की महाराजांना, याबद्दल अंबापेठेत दोन मतं होती.

याच माणसाला ‘यामाबोशी’चं वेड होतं.

‘यामाबोशी’ म्हणजे जपानची चित्रमालिका. पोरं तिला ॲनिमे म्हणतात. सव्वीस वर्षांपासून चालू आहे आणि तेवढ्या काळात तिचा नायक रिकू चौदाचा सोळाचा झाला आहे. तिथे कोणाला कसलीच घाई नसते. एका लढाईत रिकूने तलवार उपसली तेव्हा महाराजांचा शुभंकर दहावीत होता. ती तलवार खाली आली तेव्हा शुभंकर पुण्यात नोकरीला लागून त्याला मूळव्याधही झाली होती. मालिका घरात आणली शुभंकरनेच, शाळेतून आला की टीव्हीवर हिंदीत बघायचा. पुढे त्याने ती सोडली, महाराजांनी नाही सोडली. आता ते फोनवर मूळ जपानीत बघत, खाली इंग्रजी अक्षरं वाचत. हिंदीत तामोन सेन्सेईंचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा येतो, हे त्यांचं मत.

तामोन सेन्सेई म्हणजे रिकूचे गुरू. वय ऐंशीच्या पुढे, एक डोळा अधू, हातात तलवारीऐवजी खराटा. त्यांची शिकवण एकच होती: राग आला की आधी अंगण झाडायचं, मग बोलायचं. ही शिकवण महाराजांनी इतकी मनावर घेतली की गेली पंधरा वर्षं त्यांच्या घरात भांडण झालं नव्हतं आणि बोळात कचरा दिसला नव्हता. वॉर्डाच्या नगरसेवकाने त्या बोळाचे फोटो दोनदा स्वतःच्या कामगिरीत छापले. महाराजांच्या बायकोला, विमलबाईंना, जपान नकाशावर दाखवता आला नसता, पण फोनवर सेन्सेई दिसले की त्या पदर सावरून हात जोडत. “ज्यानं ह्यांच्या हाती खराटा दिला,” त्या म्हणत, “तो माणूस साधा नाही.”

अमरावती-अकोल्याच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता, सगळी कॉलेजची पोरंपोरी. त्यात महाराज ‘हरीभाऊ’ होते. त्यांचं जुन्या भागांचं ज्ञान पाहून पोरांनी ठरवून टाकलं होतं, की हा कोणीतरी इंजिनिअरिंगला वर्षानुवर्षं नापास होत असलेला बाप्या आहे. महाराजांनी ते कधी खोडून काढलं नाही.

तर झालं असं. रविवारी महाराजांच्या मागे दोन सत्यनारायण आणि एक साखरपुडा, म्हणून दर रविवारी येणारा नवा भाग त्यांनी सोमवारी सकाळी पाहिला. त्यात तामोन सेन्सेईंनी कोसळता डोंगर खराट्यावर तोलून धरला, खालचं गाव वाचवलं, आणि डोंगर त्यांच्यावर बसला. पडदा काळा झाला. महाराज पाटावर बसले होते तसेच बसून राहिले. समोरचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, सायीवर माशी बसून उडूनही गेली.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याचे वकील केदारराव कस्तुरे.

“महाराज, बुधवारची वास्तुशांत. तुमी मंगळवारीच मुक्कामाले या, गाडी पाठवतो.”

“मले जमणार नाही,” महाराज म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “मले सुतक हाय.”

तोंडातून निघून गेलं. आता हा माणूस दिवसातून दहा लोकांची सुतकं मोजून देणारा. दुसऱ्याने असं बोलून टाकलं असतं तर त्याला फैलावर घेतला असता. फोन ठेवल्यावर त्यांनी खराटा उचलला. अंगण झाडलं, बोळ झाडला, झाडत झाडत राजापेठेच्या तोंडापर्यंत गेले असं म्हणतात. परत आले तेव्हा हिशेब लागला होता. विद्या देणारा आचार्य गेला तर तीन रात्री पाळायच्या, हे शास्त्रात आहे. तो आचार्य हाडामांसाचाच हवा, असं कुठे लिहिलेलं त्यांना आठवेना. म्हणजे आपण खोटं बोललो नाही. फक्त आता पाळायला हवं.

“अहो, गेलं कोण?” विमलबाईंनी विचारलं.

“तामोन सेन्सेई.”

“अगं माय! खराटेवाले?” त्यांनी कढईतली फोडणी बाजूला सारली. “मंग आज अळणीच करते.”

तीन दिवस महाराज चटईवर झोपले, मीठ सोडलं, देवाला हात लावला नाही. गटावर त्यांनी एवढंच लिहिलं: ‘सेन्सेईंसाठी तीन दिवस सुतक पाळतो आहे. अळणी जेवण.’ पोरांनी त्यावर लाल बदामांची चित्रं टाकली.

इकडे अकोल्यात वातावरण तापलं. जठारपेठेतलं कस्तुऱ्यांचं घर पाठकांकडे तीन पिढ्यांपासून. केदाररावांच्या आजोबांची मुंज महाराजांच्या आजोबांनी लावलेली. जठारपेठेत कोणाला पूजा घालायची असली की आधी विचारतात, कस्तुरे कोणाला बोलावतात? कस्तुरे सुटले तर सगळी पेठ सुटणार, हे महाराज जाणून होते. आणि सुटण्याची वेळ आलीच होती. अकोल्यात एक नवे महाराज आले होते. कानाला माईक लावत, चालत्या गाडीतून संकल्प सांगत, आणि वास्तुशांत एवढ्या झटपट उरकत की वास्तुपुरुषाला कूस बदलायला फुरसत मिळत नसे. केदाररावांच्या मनात ते कधीचे भरले होते.

“आचारी ठरला, मांडव ठरला, अन् हे आता सांगून राहिले!” केदारराव महाराजांवर फोनवरच तापले.

शेजारी उभ्या त्यांच्या आईने, माणिकबाईंनी, फोन हिसकावून घेतला. “महाराज, तुमचं सुतक निघू द्या. रविवार धरू. दुसऱ्याच्या मंत्रानं मी त्या घरात पाय ठेवत नाही.”

मग पुन्हा केदाररावांचा आवाज, जरा खालचा. “आईसाठी थांबतो, महाराज. पण हे शेवटचं. पुढच्या कार्याले मी माह्या मनानं पाहीन.”

गेलं कोण, हे लोक विचारणारच. महाराज खरं तेवढंच सांगत. गुरू होते. लांब राहत. कुठे? जपानात. बस, एवढ्यावर मंगळवारपर्यंत जपानात पाठकांच्या गुरूंचा मठ उभा राहिला. परतवाड्याला पोचेपर्यंत मठाच्या दारात हत्ती आला. बातमी सेमाडोहला गेली तेव्हा हत्ती दोन झाले होते आणि एकाच्या पाठीवर महाराजांसाठी ठेवलेली गादी होती.

रविवारी सकाळी महाराज जठारपेठेत उतरले. फाटकात पायावर पाणी घालायला केदाररावांची जुईली आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पाणी घालता घालता ती हळूच म्हणाली, “अळणी जेवण सोसलं काय, हरीभाऊ?”

महाराजांचा एक पाय हवेतच राहिला.

“मी कोणाले सांगत नाई,” जुईली म्हणाली. “सोमवारी घरात तुमचं सुतक कळलं अन् तिकडं गटावर तुमचं वाचलं. रडू आलं मले. आमी नुसते बदाम टाकले, महाराज. तुमी मीठ सोडलं.”

पूजा सुरू झाली. हॉल भरलेला होता. अकोला कोर्टातली निम्मी वकील मंडळी काळे कोट घरी ठेवून आलेली. केदारराव आणि माधवीताई पाटावर, त्यांच्या उपरण्याची नि पदराची गाठ मारलेली. होम चांगला पेटला. महाराजांचा आवाजही परतला होता. तुपाची पळी वर, मंत्र संपत आलेला, आता ‘स्वाहा’ म्हणायचं, तेवढ्यात जिन्यावरून किंकाळी आली.

“सेन्सेई जिवंत हायत!”

जुईली फोन धरून धडधडत खाली आली. “महाराज, डोंगराखालून खराटा निघाला! मंग हात निघाला! ते जिवंत हायत!”

महाराजांची पळी वरच राहिली. तोंड उघडं, ‘स्वाहा’ आतच. आणि डोळ्यांतून जी धार लागली ती धुराची नाही, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं.

“कोण सेन्सेई?” केदाररावांनी विचारलं.

“ज्यांचं महाराजांनी सुतक...” एवढं बोलून जुईलीने जीभ चावली. पण केदाररावांनी जन्मभर साक्षीदार तपासले होते. त्यांनी हात लांबवला, फोन घेतला, आणि त्यावरचा खराटेवाला म्हातारा निरखून पाहिला.

“हे कार्टून हाय.”

“ॲनिमे हाय, बाबा.”

“तू चूप! महाराज, तुमी सांगा. कार्टून मेलं म्हणून माहा मुहूर्त गेला?”

महाराजांना अंगण झाडावंसं वाटलं. पण हॉलमध्ये खराटा नव्हता. त्यांनी पळी खाली ठेवली. “हाव,” ते म्हणाले. “चित्रातलेच होते. पण गुरू होते.”

केदारराव ताडकन उठले. गाठ मारलेली असल्याने माधवीताईही अर्ध्या उठल्या. “अहो, पदर!” त्या ओरडल्या, पण ऐकतो कोण. “आई, म्हणत होतो की नाही तुले? जुईली, त्या दुसऱ्या महाराजांचा नंबर काढ. आत्ताच्या आत्ता! अर्धी पूजा ते पुरी करतील.”

“खाली बस,” माणिकबाई म्हणाल्या.

“आई, लोकं हासतील...”

“बस म्हणते ना! अन् मले एक सांग. तुहा मामा कोर्टात किती खेपा मेला रे?”

समोरच्या वकिलांपैकी बऱ्याच जणांना एकदम आपापल्या पायाची नखं पाहावीशी वाटली.

“तीनदा तरी,” मागून एक म्हातारे वकील म्हणाले. “मूर्तिजापूरच्या दाव्यात तर मी स्वतः भेटाले आलो होतो. तारीख सोडली मी, माणुसकी म्हणून.”

“ऐक,” माणिकबाई म्हणाल्या. “माहा भाऊ नांदगाव खंडेश्वरले धडधाकट हाय. परवा नातवाच्या लग्नात नाचला. तू त्याले तारखेसाठी मारतं, अन् घरी येऊन कढीसोबत दोन भाकरी जास्तीच्या खातं. या माणसानं चित्रातल्या म्हाताऱ्यासाठी तीन दिवस मीठ तोंडात घेतलं नाही. मी मेल्यावर मले कोणाच्या हाती द्यायचं, हे मी आजच सांगून ठेवते. तो नंबर काढू नको, पोरी.”

होमातलं लाकूड तडकलं. केदारराव उभे होते. गाठीने ओढलेल्या माधवीताई अजून वाकूनच होत्या. त्यांनी नवऱ्याकडे वर मान करून पाहिलं आणि गाठ हळूच एकदा खाली ओढली.

केदारराव बसले. उजवा हात पुढे केला.

“सांगा, महाराज,” ते म्हणाले.

“स्वाहा,” महाराज म्हणाले. तूप पडलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण माणिकबाईंना पुढची काळजी लागली. जिवंत माणसाचं सुतक पाळलं, त्याचं काय? महाराजांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं. मेला समजून ज्याचं क्रियाकर्म केलं तो परत आला, तर त्याचा नवा जन्म धरायचा, जातकर्मापासून सगळं पुन्हा. बारसंसुद्धा.

“मंग करून टाका,” माणिकबाई म्हणाल्या. “सैपाक तयारच हाय.”

पंगती उठल्यावर शेजाऱ्यांकडून पाळणा आणला. त्यात फोन ठेवला, फोनवर सेन्सेई. जन्मवेळ धरली डोंगरातून हात निघाला ती. पंचांग पाहिलं, पूर्वाभाद्रपदाचा पहिला चरण निघाला, म्हणजे अक्षर ‘से’, ‘शे’ही चालतं. आत्या झाली जुईली. तिने वाकून त्या खराटेवाल्या म्हाताऱ्याच्या कानात नाव सांगितलं: शेषराव. गटावर चाहते आजही त्यांना त्याच नावाने ओळखतात, आणि जपानात याची कोणाला कल्पना नाही.

सुंठवडा वाटून झाला. महाराज पिशवी उचलून निघाले. कस्तुऱ्यांच्या घरचा मालक फाटकापर्यंत सोडायला कधी येत नसे. त्या दिवशी आला. थोडा वेळ चपलेशी चाळा करत उभा राहिला, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली.

“महाराज, एक विचारायचं होतं,” केदारराव म्हणाले. “मामाले तीन खेपा मारलं मी. मंग बारसं किती खेपा करावं लागते?”

महाराजांनी पिशवी खाली ठेवली. डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली, ओठ पुटपुटले. शास्त्राचा प्रश्न होता, घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता.

“एकाच पाळण्यात भागते,” ते शेवटी म्हणाले. “पण पाळणा मोठा लागन. अन् मामाले राजी तुमी करा, ते माह्याच्यानं होणार नाही.”